हजेरीची अट

८ जानेवारी

तुम्हाला,

पुढे काय लिहायचं ते सुचेना, म्हणून नुसतं 'तुम्हाला'. तब्येत विचारत नाही. जाऊबाई फोनवर सांगतात, की जेवता, कामावर जाता, फार बोलत नाही. इथेही तसंच आहे.

पत्राला कारण एकच. एक गोष्ट तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये. भाऊजींकडे राहायला गेलात तरी बेकरीवाल्याचा वजनकाटा अजून तुम्हीच तपासता, त्यासाठी मधूनमधून गावात येता, हे मला माहीत आहे. घरी येत नाही, हेही माहीत आहे. तर त्याच्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं.

त्याची मुलगी आमच्याच कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. वनस्पतिशास्त्र. सोमवारी माझ्या मार्गदर्शनाच्या खोलीत आली. खोली अजून जिन्याखालीच आहे. वरून मुलं धावत गेली की छतातून भुसा पडतो, तोही तसाच. ती म्हणाली, "मॅडम, पदवीनंतर मला लगेच काहीतरी हवंय. इंटर्नशिप, फेलोशिप, काहीही चालेल. नाहीतर बाबा मला गल्ल्यावर बसवतील आणि मी तिथेच म्हातारी होईन."

मी तिला तीन जागा दाखवल्या. एका फेलोशिपला दोन वर्षांचा अनुभव लागतो. एक शिष्यवृत्ती आहे, पण ती आधी विद्यापीठात प्रवेश मिळालेल्यांना. तिसरी वस्तुसंग्रहालयातली वाळवलेल्या पानांची इंटर्नशिप, पण तिथे विद्यावेतन नाही आणि राहायचं आपलं आपण. तिने तिन्ही लिहून घेतल्या. तिन्ही तिला बसत नाहीत, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

बीज केंद्राची जाहिरात खणात होती. तिला बसणारी तेवढी एकच. मी खण उघडला नाही.

आपल्या खारूच्या वेळची तिथलीच जाहिरातही मीच कॉलेजच्या फलकावर लावली होती. तिला तर फलकापर्यंत यावंही लागलं नाही, मी जेवताना सांगितली. सहा महिन्यांची इंटर्नशिप होती. पाचव्या महिन्यात तिथे ताप आला, तो डोक्यात गेला आणि ती गेली. तुम्हाला हे सगळं माहीत असताना का लिहिते आहे, तर लिहून बघायचं होतं. लिहिता येतं.

तुम्ही म्हणाला होतात, "तुझ्या त्या फलकाने खाल्ली तिला." मग बॅग भरलीत. मी तेव्हा दूध तापवत होते. ते उतू गेलं, मी बघत राहिले. अजूनही माझं बरंचसं तसंच चालतं. दिसतं सगळं.

२१ जानेवारी

तुम्हाला,

तुमचं उत्तर आलं नाही. मी वाट बघत होते असं नाही, पण पोस्टमन दिसला की पायरीवर थांबत होते.

काल बेकरीवाल्याची मुलगी पुन्हा आली. तिच्या आधी एक मुलगा बसला होता. त्याला अशी शिष्यवृत्ती हवी होती जिच्यात गुण विचारत नाहीत, निबंध नाही आणि मुलाखतही नाही. दारात उभे असलेले शिपाईकाका म्हणाले, "त्याला शिष्यवृत्ती म्हणत नाहीत रे, त्याला सासरा म्हणतात." मुलगा हसत गेला. मीही हसले असणार, कारण काकांनी माझ्याकडे बघून मान हलवली.

मग ती बसली. थोडा वेळ वेणीच्या टोकाशी खेळत राहिली.

"मॅडम, बीज केंद्राची जाहिरात आली नाही का यंदा?"

मी म्हटलं, "तुला कुणी सांगितलं?"

"ताईनेच. मी पहिल्या वर्षाला होते तेव्हा. ती म्हणायची, तिथे थंड खोल्या आहेत, आत स्वेटर घालून जावं लागतं आणि काचेच्या बशांत शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या जातींचं बी रुजतं. म्हणाली होती, तुझी वेळ आली की माझ्या आईकडे जा." मग म्हणाली, "तुम्हाला द्यायची नसेल तर नका देऊ. मी दुसरं बघेन. खरंच. मी नाराज होणार नाही."

तिने आधीच्या खेपेला विचारलं नव्हतं ते माझ्यासाठी. एवढ्याशा पोरीने माझी लाज राखली होती.

मी खण उघडून जाहिरात तिच्यापुढे ठेवली. मुदतीला वेळ होता. अर्जासोबत एक पानभर लिहायचं असतं, 'मला इथे का यायचं आहे'. तिने लगेच तिथेच लिहून दाखवलं. पहिली ओळ, 'मला लहानपणापासून निसर्गाची अत्यंत आवड आहे.' मी म्हटलं, "हे खोड. बावीस वर्षं मी ही ओळ वाचते आहे. निवडणारेही वाचत असतील, बिचारे. तू लहानपणी काय करायचीस ते लिही."

"पिठात खेळायचे."

"मग तेच लिही."

तिने लिहिलं, की पावसाळ्यात पीठ पाणी कमी पितं. वडील गव्हाचं पोतं उघडून एक दाणा चावतात आणि पाव कसा होईल ते सांगतात, आणि दाण्यात असं काय असतं ते त्यांना सांगता येत नाही, म्हणून तिला शिकायचं आहे. चांगलं झालं पान. फार चांगलं झालं. मला ते वाचून बरं वाटायला हवं होतं. मी शुद्धलेखन तपासलं.

अर्ज गेला. एवढं तुम्हाला कळवायचं होतं.

१२ फेब्रुवारी

तुम्हाला,

तुमचं कार्ड मिळालं. 'पुन्हा तेच करते आहेस.' बाकी कोरं. पत्ता मात्र नीट लिहिला होतात, पिनकोडसकट.

हो, तेच करते आहे. दुसरं मला येत नाही.

शनिवारी बेकरीवाला घरी आला. पाव घेऊन आला होता, तो त्याने ओट्यावर ठेवला आणि बसला नाही. तुमच्या खुर्चीकडे बघितलं आणि स्टूल ओढून घेतलं.

म्हणाला, "मुलाखत झाली पोरीची. फोनवरच झाली. तिला वाटतंय, घेतील."

"घेतील."

"बाई, तिची आई म्हणते, पाठवायचं नाही. पोरगी दोन दिवस जेवली नाही. मी मधल्यामध्ये अडकित्त्यात. मला रागावू नका, पण विचारायचं कुणाला? ह्या गावात ह्यातलं माहीत असलेलं माणूस एक तुम्ही. तुम्ही पाठवाल का?"

"मी पाठवलं होतं," मी म्हटलं.

"ते झालं. आता विचारतोय."

तो उठला नाही. मला वाटलं, मी 'नका पाठवू' म्हटलं तर हा सुटेल, त्याची बायको सुटेल आणि तुम्हीही म्हणाल की बाई शहाणी झाली. 'पाठवा' म्हटलं तर कशाच्या जोरावर? मी ते केंद्र पाहिलेलंच नाही. इस्पितळ पाहिलं, तेही दोन दिवस. खारूचं सामान तुम्ही आणि भाऊजी घेऊन आलात. ती राहायची कुठे, बसायची कुठे, मला ठाऊक नाही.

शेवटी मी म्हटलं, "मी आधी जाऊन बघून येते. मग सांगते."

तो म्हणाला, "तुम्ही? तिथे?"

मी म्हटलं, "मुलांना पाठवते तर जागा बघायला नको का?"

पाव खाल्ला. दोन दिवस पुरला.

३ मार्च

तुम्हाला,

जाऊन आले. सविस्तर लिहिते. तुम्हाला वाचायचं नसेल तर इथेच थांबा.

केंद्र शहराच्या टोकाला आहे. पुढे लोखंडी फाटक, आत लांबलचक पिवळी इमारत. पहारेकऱ्याने विचारलं, कुणाला भेटायचंय? मी कॉलेजचं ओळखपत्र दाखवलं.

खारू ज्यांच्या हाताखाली होती त्या शास्त्रज्ञ बाई माझ्याच वयाच्या आहेत. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी हातातली बशी खाली ठेवली आणि परत उचलली. मग मला सगळं दाखवलं. थंड खोली, तिच्या दाराशी खुंट्यांवर टांगलेले स्वेटर, ओल्या कागदावर मांडलेलं बी. रोज सकाळी किती रुजलं ते बघायचं, चिमट्याने उचलायचं, नोंदवायचं. हेच काम. खारू हे पाच महिने करत होती, आपली खारू, जिला घरात उशीची खोळ घालायचा कंटाळा होता.

बाई म्हणाल्या, "तिला ताप होता ते मला दिसत होतं. मी म्हटलं, खोलीवर जा. ती म्हणाली, एवढा लॉट संपवते. दुसऱ्या दिवशी परत आली. मी परत म्हटलं. मी तिला हाताला धरून पाठवायला हवं होतं."

मी विचारलं, "ती का येत होती?"

त्या म्हणाल्या, "हजेरी."

सहा महिने पूर्ण हजेरी असेल तरच पुढची दोन वर्षांची फेलोशिप. ही अट मला माहीत होती, जाहिरातीतच असते. मी अशा अटी रोज वाचते. 'पूर्ण हजेरी' ह्या शब्दांत आजारपण कुठे बसतं, हे मी कधी वाचलं नव्हतं. कुणीच वाचलं नव्हतं.

मग खोलीवर गेले. घरमालकीण एकटीच असते, कपड्यांना इस्त्री करून देते. तिने मला आत घेतलं, इस्त्री बंद केली. खोलीत आता दुसरी कुणी राहते, तरी दार उघडून दाखवलं. खिडकीतून समोरच्यांची पाण्याची टाकी दिसते. बाकी काही नाही. खारू आपल्याला सांगायची की खिडकीतून झाडं दिसतात.

घरमालकीण म्हणाली, "मी तिला म्हटलं होतं, आईला फोन कर. ती म्हणाली, आईला सांगितलं तर ती उद्या सकाळी इथे हजर होईल, मला उचलून घेऊन जाईल आणि माझी फेलोशिप बुडेल."

तेवढं ऐकून मी त्या बाईचा निरोप घेतला आणि चालत केंद्रात परत गेले. वाटेत काही वाटलं का, असं तुम्ही विचारलंत तर, चप्पल चावत होती.

संचालक भेटायला तयार नव्हते. मी बाकावर बसले. शेवटी त्यांनी आत बोलावलं. भला माणूस वाटला. फार वाईट झालं, म्हणाले. मी म्हटलं, "मी त्यासाठी आले नाही. मला अटीत एक वाक्य घालून हवंय." मी वाक्य लिहूनच नेलं होतं. 'आजारपणामुळे झालेली अनुपस्थिती हजेरीत कमी धरली जाणार नाही, आणि आजारी प्रशिक्षणार्थीच्या घरी कळवण्याची जबाबदारी केंद्राची राहील.'

त्यांनी वाचलं. म्हणाले, "भाषा अगदी नियमासारखी आहे."

"नियमच आहे."

"असं एकट्याने ठरवता येत नाही हो. वर विचारावं लागतं. बघतो."

'बघतो' म्हणजे काय ते आपल्याला कळतं. मी नमस्कार करून निघाले. शास्त्रज्ञ बाई फाटकापर्यंत आल्या.

बेकरीवाल्याला मी जे पाहिलं ते जसंच्या तसं सांगितलं. काम चांगलं आहे. खोली बरी आहे. घरमालकीण चांगली आहे. अट वाईट आहे. तो म्हणाला, "म्हणजे पाठवू की नको?" मी म्हटलं, "वाक्य आलं तर पाठवा."

२० एप्रिल

तुम्हाला,

तिची निवड झाली. पत्र आलं. ती कॉलेजात धावत आली आणि माझ्या दाराशी आल्यावर चालायला लागली.

वाक्य नाही. मी अटी दोनदा वाचल्या, मग शिपाईकाकांना चष्मा लावून वाचायला दिल्या. नाही.

मुलीला समोर बसवून सांगितलं. केंद्रात कुणाला काय म्हटलं, घरमालकीण काय म्हणाली, सगळं. तिला हे ठाऊक नव्हतं. तिला वाटत होतं, ताई अचानक गेली.

ती म्हणाली, "म्हणजे ती मुद्दाम कामावर जात होती?"

"हो."

"मीपण गेले असते," ती म्हणाली. "मॅडम, मला माहीत आहे, मीपण गेले असते." मग म्हणाली, "होकार कळवायच्या आधी मी विचारू का त्यांना? की हे वाक्य घाला, मग येते?"

मी म्हटलं, "जागा जाईल. तुझ्यामागे रांग आहे. त्यांना काय अडलंय?"

"पण तुम्ही विचारलंत ते तिची आई म्हणून विचारलंत. मी विचारलं तर मी येणारी आहे."

बावीस वर्षांत मी मुलांना एकच शिकवलं आहे. अटी वाचा, सही करा, मुदत पाळा. अट बदला, असं मी कुणाला सांगितलेलं नाही. मला भीती वाटली. हे लिहिताना लक्षात येतं, की वाटली. बऱ्याच दिवसांनी.

तिने पत्र लिहिलं. मी शुद्धलेखन तपासलं नाही. तिच्या आईने देवापुढे हात जोडले म्हणे की नकार येऊ दे. बेकरीवाल्याने मला हे सांगितलं आणि वर म्हणाला, "मीपण जोडले, पण कशासाठी ते ठरवलं नाही."

९ मे

तुम्हाला,

आज थोडंच.

दहा-बारा दिवस काही आलं नाही. शेवटच्या तारखेच्या आदल्या दुपारी शास्त्रज्ञ बाईंचा मुलीला फोन आला. त्यांनी तिचं पत्र घेऊन सगळ्या विभागांतून सह्या गोळा केल्या, संचालकांसमोर ठेवल्या. वाक्य आलं आहे. अर्धं. आजारपणाची रजा हजेरीत कमी धरणार नाहीत, पण डॉक्टरांचा दाखला हवा. घरी कळवण्याचं त्यांनी गाळलं.

मुलगी म्हणाली, "तेवढं मी कळवीन."

मी तिला सही करायला सांगितलं.

तुम्ही तिसऱ्या तारखेला बेकरीत येऊन गेलात. काटा तपासलात, पैसे घेतले नाहीत, मुलीला 'नीट राहा' म्हणालात. मला बेकरीवाल्याने सांगितलं. मी त्या वेळी समोरच्या दुकानात वह्या घेत होते. तुमची पाठ दिसली. तुम्ही बारीक झाला आहात.

२३ ऑगस्ट

तुम्हाला,

मंगळवारी कॉलेजला जाताना बेकरीचं शटर खाली होतं.

तुम्हाला माहीत आहे, तो सणवार बघत नाही, स्वतःच्या लग्नाच्या दिवशीही भट्टी लावून मग बोहल्यावर चढला असं तो सांगतो. दारात लोक उभे होते. कुणाला काही माहीत नव्हतं. शेजारचा शिंपी म्हणाला, "काल फोन आला आणि पहाटे दोघं नवरा-बायको गेले. पोरीला ताप आहे म्हणे."

मी कॉलेजात गेले. फलकावर नवीन जाहिराती लावायच्या होत्या, लावल्या. एका मुलीला परदेशी फेलोशिपचा अर्ज समजावून सांगितला, तिने मान डोलावली, मी काय सांगितलं ते मला आठवत नाही. शिपाईकाकांनी चहा आणून ठेवला, तो तसाच राहिला. केंद्रात फोन करायचा होता. नंबर समोर होता. हात उचलेना. शुक्रवारपर्यंत शटर खालीच. मी रस्ता बदलून गेले.

काल सकाळी पावाचा वास आला. कोपऱ्यावरूनच आला. मी तिथेच थांबले.

बेकरीवाल्याने मला बघितलं आणि गिऱ्हाईक सोडून बाहेर आला.

"काही नाही बाई, साधा ताप. घसा. पोरीने संध्याकाळी फोन केला, बाबा, मला ताप आलाय, मी दोन दिवस कामावर जाणार नाही. एवढंच म्हणाली ती. या असं म्हणालीच नाही. पण तिची आई एका हातात पिशवी घेऊन दारातच उभी राहिली. काय करणार? तिथे पोचलो तर ही खाटेवर बसून बिस्किटं खातेय. आम्हाला बघून इतकी चिडली. म्हणाली, एवढ्यासाठी कशाला आलात, लोक हसतील. आईने तिला दोन धपाटे घातले आणि मग तिच्या कपाळाला हात लावून बसली. मला विचाराल तर, मला तिचं ते चिडणं इतकं गोड वाटलं."

मी म्हटलं, "कामावर गेली का?"

"काल गेली. कुणी काही विचारलं नाही, म्हणाली. दाखला दिला, झालं. तुमच्या त्या बाईंनी तर तिला तिसऱ्या दिवशीही परत पाठवलं. हाताला धरून रिक्षात बसवली." मग तो म्हणाला, "बाई, तुम्ही बसा."

मी दुकानाच्या पायरीवर बसले आणि मला रडू आलं. गिऱ्हाईकं होती, शिंपी होता, कॉलेजची मुलं जात होती. थांबवता आलं नाही आणि थांबवलंही नाही. खारू गेल्यापासून मी रडले नव्हते, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला त्याचा राग होता. तुम्हाला वाटलं, मला काही वाटत नाही. मलाही तेच वाटायला लागलं होतं.

बेकरीवाला गिऱ्हाइकांना म्हणाला, "थोडं थांबा, पाव अजून गरम आहे, कापता येत नाही." सगळे थांबले.

तुम्ही म्हणालात ते खरं असेल. जाहिरात मी दिली होती. मी पुन्हाही देणार आहे, पुढच्या जानेवारीत, आणि नंतरही. ह्यावर आपलं भांडण झालं तर होऊ दे. भांडायला तरी समोर या.

आपण दोघं मिळून एकदाही रडलो नाही. ते राहिलं आहे.

रविवारी मी घरी असते.